बावीस वारांची मशागत

दिवाळीच्या सुटींत आम्ही उभयतां चार दिवस पुण्यास चिरंजीवांकडे गेलों होतों. एके दुपारीं आमचा नातू म्हणाला, “आजोबा, चला, आज तुम्हांला बोलिंगला नेतों.” आमच्या कानास बोलिंग म्हणजे क्रिकेटची गोलंदाजी एवढाच अर्थ ठाऊक. मैदान म्हटलें कीं ऊन आलेंच, या हिशेबानें आम्हीं छत्री घेतली आणि सौभाग्यवतींनीं पाण्याची बाटली घेतली. नातवानें आम्हांस नेलें तें मात्र एका प्रचंड इमारतीच्या वरच्या मजल्यावर. तेथें ऊन नाहीं, वारा नाहीं, गवत नाहीं, आणि माती तर औषधालाहि नाहीं.

आंत गुळगुळीत फळ्यांच्या अरुंद गल्ल्या एकीशेजारीं एक अशा घातलेल्या होत्या. प्रत्येक गल्लीच्या टोकास बाटलीच्या आकाराच्या दहा खुंट्या त्रिकोणांत उभ्या करून ठेवतात, आणि खेळणारानें बोटें अडकवून उचललेला जड गोळा घरंगळत सोडून त्या पाडावयाच्या असतात. खेळापेक्षां आमचें लक्ष त्या गल्लीकडेच अधिक गेलें. रेषेपासून पहिल्या खुंटीपर्यंत अंतर ६० फूट. रुंदी सुमारें साडेतीन फूट. आणि ती रुंदी ३९ चिंचोळ्या पट्ट्यांनीं भरलेली. अस्सल लांकडी गल्लींत जेथें गोळा आदळतो तेथें मेपल झाडाचें टणक लांकूड आणि पुढें पाइनचें मऊ लांकूड बसवीत. हल्लीं बहुतेक ठिकाणीं लांकडासारखे दिसणारे कृत्रिम तक्ते असतात. त्यांवर रेषेपासून सुमारें दोनतृतीयांश लांबीपर्यंत तेलाचा पातळ थर देतात, म्हणजे गोळा प्रथम घसरत जातो आणि शेवटच्या कोरड्या भागांत पकड घेऊन वळतो. सपाटीचा नियम तर असा कडक कीं, उंचवटा आणि खळगा यांतील फरक सुमारें एका मिलिमीटरहून अधिक चालत नाहीं. अमेरिकेंत १८९५ साली या खेळाचें मंडळ स्थापन झालें, तेव्हांपासून या मापांना शिस्त लागली.

खेळणारांस तेथें निराळे जोडे भाड्यानें देतात. दुसऱ्याचे जोडे पायांत घालण्याची कल्पना सौभाग्यवतींस मुळींच रुचली नाहीं. म्हणून त्या बाकावर बसून राहिल्या. रेषेपलीकडे कोणीहि पाऊल टाकावयाचें नाहीं, तेलास पाय लागतां कामा नये, असें नातवानें बजावतांच त्या हंसून म्हणाल्या, “अगबाई, हें तर आमच्या आजेसासूबाईंचें सोंवळेंच झालें कीं!”

आम्हीं नातवास विचारलें, “हें तेल रोज लावतो कोण?” तो म्हणाला, “असेल कोणी तरी, आजोबा.” त्याचें लक्ष खुंट्यांकडे होतें, मुलाचा त्यांत दोष नाहीं. परंतु तें ‘कोणी तरी’ आमच्या कानांत जें राहिलें, तें मलकापुरास परत आलों तरी गेलें नाहीं. कारण ऐन उमेदीच्या वयांत, आणि शिक्षक म्हणवीत असतांना, आम्ही त्याहून वाईट उत्तर देऊन बसलों आहों. ती हकीकत पुढें सांगूं. प्रथम लांकडाची गल्ली सोडून आपल्या मातीच्या गल्लीकडे, म्हणजे क्रिकेटच्या पट्टीकडे, वळूं. कारण आपल्या मुलांची बोलिंग चालते ती तिच्यावर.

ही पट्टी २२ वार लांब आणि १० फूट रुंद असते. आमच्या इकडील भाषेंत सांगावयाचें तर जमीनमोजणीची तेहतीस फुटी साखळी दोनदां टाकली कीं लांबी पुरी झाली. क्षेत्र म्हणाल तर पुरता एक गुंठाहि नाहीं. इंग्लंडांत १७४४ साली खेळाचे नियम लिहून काढले, तेव्हांपासून ही लांबी तसूभर बदललेली नाहीं. परंतु या अर्ध्यापाऊण गुंठ्यास जेवढी मशागत लागते, तेवढी एकरभर उंसासहि लागत नसेल, असें आम्हांस अनुभवानें वाटतें.

पट्टी शक्यतोंवर दक्षिणोत्तर आंखावी, म्हणजे उतरत्या दुपारचा सूर्य फलंदाजाच्या डोळ्यांवर येत नाहीं. जागा ठरली कीं फूटदीड फूट खणावें, तळाशीं दगडगोटे, त्यांवर विटांचे तुकडे, त्यांवर जाडी वाळू असे थर द्यावे आणि सर्वांत वर चाळलेली चिकण माती घालावी. खालचे थर पाणी वाहून नेण्याकरितां आणि वरचा पाणी धरून ठेवण्याकरितां. हे दोन परस्परविरुद्ध धर्म एकाच खड्ड्यांत नांदवावयाचे, यांतच सारी कला आहे.

वरच्या मातीची निवड हा मोठा विषय आहे. कृष्णा-कोयनेच्या संगमाभोंवतींच्या आमच्या या भागांत काळ्या मातीस तोटा नाहीं. ही माती ओली झाली कीं फुगते आणि वाळली कीं आंखडते; उन्हाळ्यांत शेतास हातहात खोल भेगा पडतात त्या याच गुणानें. पट्टीवर ही माती ओल फार वेळ धरून ठेवते, चेंडू तिजवर टप्पा घेऊन सावकाश आणि बेताच्या उंचीनें येतो, आणि भेगा पडूं लागल्या कीं फिरकी गोलंदाजाचें फावतें. लाल माती लवकर वाळते आणि चेंडू अधिक उसळवते; मुंबईच्या वानखेडे मैदानाची लाल माती त्यासाठीं प्रसिद्ध आहे. मातीची परीक्षा सोपी आहे. भिजवून घट्ट मळावी, लिंबाएवढी गोळी करावी, सावलींत वाळूं द्यावी आणि टांचेखालीं दाबून पाहावी. भुगा झाला तर ती माती पट्टीच्या कामाची नाहीं. टांच दुखली पण गोळी फुटली नाहीं तर निःशंक आणावी.

मातीस बांधून ठेवावयास गवत लागतें, आणि तें गवत म्हणजे आपल्या ओळखीची हरळी, जिला देवघरांत आपण दूर्वा म्हणतों. शेतकरी जिला शिव्या देतो आणि गणपती जिच्यावांचून पूजा घेत नाहीं, तीच येथें लाख मोलाची ठरते. पेराला जमीन लागली कीं ती मूळ धरते. मुळें खोल जाऊन मातीस धरून ठेवतात आणि आंतील ओल वर ओढून काढतात, म्हणून पट्टी वरपासून खालपर्यंत सारखी वाळते. गवत मेलें कीं वर कवच टणक आणि आंत मऊ अशी दुहेरी पट्टी होते.

यानंतर पाणी आणि रूळ. आमच्या मलकापुरानें चोवीस तास पाणी आणि प्रत्येक नळास मीटर या योजनेनें सर्वत्र नांव मिळविलें. पाणी असण्याइतकेंच तें मोजून देण्यास महत्त्व आहे, हा त्या योजनेचा धडा पट्टीसहि तंतोतंत लागू पडतो. सामन्यापूर्वीं आठदहा दिवस पट्टी खोलवर भिजवावी, वरचेवर शिंपडूं नये. मग ओल योग्य प्रमाणास येईपर्यंत वाट पाहावी, प्रथम हलका आणि मागाहून जड रूळ फिरवावा. रुळाचें काम मातीच्या कणांमधील हवा काढून टाकण्याचें आहे. माती फार ओली असतां रूळ फिरविला तर ती रुळास चिकटून सोलते. फार वाळल्यावर फिरविला तर केवळ वरची चकाकी येते, आंत कांहीं होत नाहीं. अंगठा दाबला असतां ठसा उमटत नाहीं आणि रुळाची रेघहि दिसत नाहीं, तेव्हां पट्टी झाली असें समजावें. आमच्या ज्या वाचक भगिनींनीं माहेरीं खळें करतांना किंवा मातीची जमीन चोपण्यानें चोपतांना पाहिली असेल, त्यांस हें निराळें सांगावयास नको. पी हळद आणि हो गोरी, असा कारभार मातीपुढें चालत नाहीं.

हें सर्व आम्हांस कोणत्याहि ग्रंथांतून कळलेलें नाहीं. आम्ही संस्कृताचे शिक्षक. शब्दरूपें पाठ करून घेणाराचा रुळाशीं काय संबंध? परंतु नव्या शिक्षकाच्या गळ्यांत कोणास नको असलेलें काम बांधण्याची शाळांतून जुनी रीत आहे. त्या रीतीनें एका शाळेंत क्रिकेट आमच्याकडे आलें. तेथें मैदान झाडणारे एक वयस्क शिपाई होते. त्यांचें घर गांवाच्या अगदीं कडेच्या वस्तींत होतें. आम्ही त्यांस मामा म्हणत असूं. गोळीची परीक्षा, अंगठ्याचा ठसा, हरळीचें महत्त्व, सारें त्यांचें. मूठभर माती नाकाशीं नेऊन, पाणी आज द्यावयाचें कीं उद्यां, हें ते सांगत.

पहिल्याच वर्षीं तालुक्याचे सामने आमच्या शाळेंत ठरले आणि आदल्या दिवशीं सकाळीं अवेळीं पाऊस झाला. दुपारीं ऊन पडतांच आम्हीं रूळ फिरविण्याचें फर्मान काढलें. मामा म्हणाले, “गुरुजी, वाईच दम धरा. माती अजून वली हाय. आत्ता रूळ फिरवला तर पापुद्रा धरंल अन् उद्या सुटंल.” आम्हांस पाहुण्यांपुढें पट्टी चकचकीत दिसावी अशी घाई. आम्हीं आवाज चढविला. त्यांनीं मुकाट्यानें रूळ फिरविला. दुसऱ्या दिवशीं पापुद्रे सुटले, एक चेंडू अवचित उसळला आणि आमच्याच एका विद्यार्थ्याचा ओंठ फाटून शर्टभर रक्त झालें. मुख्याध्यापक धांवत आले आणि गरजले, “ही पट्टी कोणी केली?” मामा पुढें होऊन म्हणाले, “म्या केली, साहेब.” सर्वांसमक्ष त्यांची खरडपट्टी निघाली. आम्ही तीन हातांवर उभे होतों. आम्हीं तोंड उघडलें नाहीं.

दोन वर्षांनीं त्याच मैदानावर, मामांच्या मनाप्रमाणें झालेल्या पट्टीवर, आमच्या मुलांनीं तालुक्याचा चषक जिंकला. या खेपेस पट्टी कोणी केली हें कोणी विचारलें नाहीं. छायाचित्र काढावयाचें ठरलें. खुर्च्या मामांनीं आणून मांडल्या आणि ते बाजूस झाले. त्यांस बोलवावें हें आम्हांस सुचलेंहि नाहीं. मागाहून शिक्षकांच्या खोलींत चहा झाला. मामांचा चहा नेहमींप्रमाणें बाहेर पायरीवर, कान तुटलेल्या कपांत गेला. तो कप कपाटांत खालच्या फळीवर वेगळा असे. वेगळा कां, हें त्या खोलींत कधीं कोणी उच्चारलें नाहीं. त्याची गरजच पडत नसे.

बाळू पालवणकर यांचें चरित्र आमच्या वाचनांत आलें तें पुष्कळ वर्षांनीं. १८७६ साली धारवाड येथें एका चर्मकार कुटुंबांत ते जन्मले. पुण्यास प्रथम एका पारशी क्लबांत आणि मग १८९२ च्या सुमारास गोऱ्यांच्या पूना क्लबांत महिना तीनचार रुपयांवर ते नोकरीस होते. काम कोणतें? पट्टी झाडणें, तिजवर रूळ फिरविणें, रेषा मारणें, सरावाच्या जाळ्या उभारणें. कॅप्टन ग्रेग या फलंदाजानें त्यांस चेंडू टाकावयास सांगितलें आणि त्यांतून डाव्या हाताचा अद्वितीय फिरकी गोलंदाज घडला. बॅट मात्र त्या क्लबांत त्यांच्या हातीं कोणी दिली नाहीं. पुढें पुण्याच्या हिंदु संघानें, बऱ्याच कुरबुरीनंतर, त्यांस खेळावयास घेतलें. आपल्याच लोकांचा तो संघ. त्यांनीं टाकलेला चेंडू सर्वजण हातीं घेत. परंतु चहाच्या वेळीं इतर मंडळी आंत चिनी मातीच्या कपांतून पीत आणि बाळूंस तो बाहेर, फेंकून द्यावयाच्या मातीच्या भांड्यांत मिळे. हें वाचलें त्या रात्रीं आम्हांस त्या खालच्या फळीवरील कपाची आठवण झाली आणि झोंप लागली नाहीं.

याच चरित्रांत आमच्या साताऱ्याची एक गोष्ट आहे. १९०० च्या पूर्वींच पुण्याचा हिंदु संघ साताऱ्यास गोऱ्यांच्या जिमखान्याशीं खेळावयास आला. बाळूंच्या फिरकीचा धाक असल्यामुळें यजमानांनीं आठवडाभर आधींपासून पट्टीवर रूळ फिरवावयास लाविला. हेतु हा कीं, पट्टी टणक आणि तुळतुळीत व्हावी आणि चेंडूनें पकड घेऊं नये. तरीहि बाळूंनीं सात गडी बाद केले आणि हिंदु संघ सहज जिंकला. कोणी सांगतात कीं त्यांची साताऱ्यांत हत्तीवरून मिरवणूक निघाली. कोणी सांगतात कीं पुण्यांत न्यायमूर्ति रानड्यांनीं त्यांस हार घातला. आमचा तर्क एवढाच कीं, ज्यानें स्वतः वर्षानुवर्षें पट्टीवर रूळ ओढला होता, त्यास रूळ फिरवून फसविणें कठीण. पायाखालीं काय आहे हें यजमानांपेक्षां त्यास अधिक कळत असलें पाहिजे.

पुढील इतिहास पुष्कळांस ठाऊक असेल. मुंबईस १९०६ साली हिंदु संघानें युरोपियनांस १०९ धावांनीं हरविलें. दुसऱ्या डावांत पांच गडी बाळूंचे. १९११ साली हिंदी संघ इंग्लंडास गेला तेव्हां त्यांनीं शंभराहून अधिक गडी बाद केले. संघाचें नायकत्व मात्र त्यांस लाभलें नाहीं. तें त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल यांस १९२३ साली लाभलें आणि त्या वर्षीं हिंदु संघ विजयी झाला. बाळू १९५५ साली निवर्तले.

लांकडी गल्लीजवळ सौभाग्यवतींनीं सोंवळ्याचें नांव काढलें, तेव्हांपासून एक विचार मनांत घोळत आहे. पट्टीचेंहि सोंवळें असतें. आजच्या नियमांप्रमाणें तिच्या मधल्या दोन फुटी भागावर, फलंदाजाच्या रेषेपुढील पांच फूट सोडून, गोलंदाजानें चेंडू टाकल्यावर धांवावयाचें नाहीं. जोड्याचे खिळे लागून माती उखडेल म्हणून पंच ताकीद देतो. तयार पट्टीवरून मुख्याध्यापकांनींहि चालावयाचें नसतें. एकालाच तेथें बिनदिक्कत मोकळीक; ज्यानें ती केली त्याला. आणि आम्हीं काय केलें? ज्याच्या पावलावांचून पट्टी होत नाहीं, त्याच्या पावलास चहाची खोली वर्ज्य केली. सोंवळें हें जपणुकीचें नांव असेल तर तें मामांस कळलें होतें. आम्हांस नुसता विटाळ कळला होता.

पट्टी बिघडली म्हणजेच ती करणाराची चौकशी होते, ही जगाची रीत दिसते. पुण्याजवळ गहुंजे येथें २०१७ च्या फेब्रुवारींत ऑस्ट्रेलियाविरुद्धचा कसोटी सामना तीन दिवसांत आटोपला, आपला संघ १०५ आणि १०७ धावांत बाद झाला आणि सामनाधिकाऱ्यानें पट्टी निकृष्ट ठरविली. तेव्हां पट्टी आणि तिची निगा राखणारे हा घरोघर चर्चेचा विषय झाला. एरवीं शतकें आणि विक्रम छापून येतात. ते ज्या मातीवर झाले तिच्या राखणदाराचें नांव छापलेलें आम्हांस क्वचितच आढळलें.

ज्या शाळांस नवी पट्टी करावयाची असेल त्यांस आमचे चार शब्द. सामना संपला कीं त्याच सायंकाळीं पट्टी झाडून पाणी द्यावें. गोलंदाजांच्या पायांनीं पडलेले खड्डे त्याच जातीच्या मातीनें भरावे. निराळी माती घातली तर थर एकजीव होत नाहींत आणि पापुद्रे सुटतात. पावसाळ्यांत तिला विसावा द्यावा आणि हरळी जोमानें वाढूं द्यावी. रूळ केव्हां फिरवावयाचा हें मातीच्या जाणत्यानें ठरवावें, मुख्याध्यापकांनीं नव्हे, आणि क्रीडाशिक्षकानें तर नव्हेच. आणि धावफलकाच्या कागदावर अकरा नांवांखालीं एक ओळ अधिक आंखावी: पट्टी कोणी केली?

मामा आतां हयात नाहींत. चषकाच्या त्या छायाचित्राची एक प्रत आमच्या बैठकींत आहे. खालीं मुलांचीं, मुख्याध्यापकांचीं आणि आमचें अशीं नांवें छापलेलीं आहेत. पुण्याहून आल्यावर तें भिंतीवरून उतरविलें आणि शेवटीं मामांचें संपूर्ण नांव शाईनें लिहिलें. तें लिहावयाचें तर त्यांचें आडनांव काय, हें त्यांच्या मुलाकडे जाऊन विचारावें लागलें. त्याच वेळीं ओंठ फाटल्याच्या दिवसाची खरी हकीकतहि त्यास सांगितली. तो म्हणाला, “बाबांनी सांगितली होती, गुरुजी.” एवढेंच बोलून त्यानें आंत चहा ठेवावयास सांगितलें. आम्हीं तो घेतला. कप सर्वांचे सारखे होते.

नातवास पत्र टाकलें आहे कीं, पुढच्या खेपेस जाशील तेव्हां तेल लावणाराचें नांव विचारून ये. वाचकांस आमची विनंती याहूनहि सोपी आहे. आपल्या स्वयंपाकघरांतील कपाटाची खालची फळी एकदां पाहावी. तेथें एखादा कप वेगळा ठेवलेला असेल, तर तो वेगळा कां, हें घरांतील मुलांनीं विचारण्यापूर्वीं आपणच स्वतःस विचारावें.